गाळ्यातली चाकांवरची मांडणी: मजबूत आणि हलवता येणारे रॅक कसे करून घ्यावेत

मुंबईतल्या दहा फूट रुंदीच्या गाळ्यात दाराजवळची एकच जागा वर्षभर रूप बदलत असते. जूनमध्ये तिथे छत्र्या, रेनकोट आणि दप्तरे येतात, श्रावण सरत आला की मखराचे सामान आणि तोरणे लागतात, आणि दिवाळीच्या तोंडावर आकाशकंदील व रांगोळीचे रंग. भिंतीला ठोकलेले फर्निचर या फेऱ्याला पुरे पडत नाही, म्हणून बहुतेक दुकानदार सुताराला सांगतात की आहे त्या रॅकलाच चाके लावून द्या. मी दुकानांसाठी रॅक आणि काउंटर आखून देतो, आणि या एका वाक्याने होणारे नुकसान मी स्वतः केलेले आहे.

दादरमधल्या एका स्टेशनरीच्या दुकानासाठी मी साडेचार फूट उंचीचा, दीड फूट खोलीचा रॅक करून दिला होता. खाली ५० मिमी व्यासाची नायलॉनची चार चाके होती. तिसऱ्याच आठवड्यात, सकाळी शटर उघडल्यावर दुकानातला मुलगा तो रॅक वरच्या फळीला धरून पुढे लोटत असताना पुढची दोन चाके शटरच्या खाचेत अडकली. खालचा भाग थांबला, वरचा पुढे गेला, आणि शाईच्या बाटल्यांसह सगळा रॅक ओट्यावर आडवा झाला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. रॅकचा एकही सांधा उखडला नव्हता. उभा असताना तो मजबूतच होता, पण दिवसातून दोनदा आत-बाहेर होणारी वस्तू वर्षाला सातशे वेळा हलते, आणि मी त्या हलण्याचा हिशेबच केला नव्हता. त्यानंतर मी रॅक आखताना जमिनीपासून सुरुवात करून वर जातो, आणि पुढच्या पायऱ्याही त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १: जमीन आणि वाट मोजावी

कागदावर काहीही काढण्यापूर्वी रॅक ज्या वाटेने जाणार ती वाट गुडघ्यावर बसून पाहावी. शटरची खाच किती रुंद व किती खोल आहे, उंबरा किती सूत (एक सूत म्हणजे सुमारे ३ मिमी) वर आहे, लादीचे सांधे कुठे उचललेले आहेत, आणि पाणी बाहेर जावे म्हणून जमिनीला दिलेला उतार कोणत्या बाजूला आहे, हे सगळे लिहून घ्यावे. उताराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण जुन्या गाळ्यांत तो डोळ्यांना दिसत नाही. लादीवर काचेची एक गोटी ठेवली की लगेच कळतो.

मग रॅकचा पाया खडूने जमिनीवर काढावा. १२०० बाय ६०० मिमीचा रॅक जागच्या जागी वळवायचा तर त्याचा कर्ण, म्हणजे सुमारे १३४० मिमी, इतकी मोकळी जागा लागते, आणि ही गोष्ट नकाशात हमखास सुटते. गिऱ्हाइकाच्या वाटेसाठी किमान ९०० मिमी सोडावेत. व्हीलचेअर त्यातून सरळ जाऊ शकते. १२०० मिमी सोडता आले, तर दोन माणसे एकमेकांना न घासता जातात. रॅक दुकानाच्या हद्दीतच उभा राहील असे धरून आखणी करावी. फूटपाथ चालणाऱ्यांचा आहे आणि तिथे मांडलेला माल महापालिकेची गाडी उचलून नेते.

पायरी २: चाके निवडावीत

खर्च कमी करायचा झाल्यास तो दुसरीकडे कुठेही करावा, चाकांवर करू नये. चाक जितके मोठे, तितका उंबरा सहज चढतो, आणि यातला फरक आपल्याला वाटतो त्याहून बराच मोठा आहे. एका चाकावर ४० किलो भार असेल, तर दोन सुतांचा, म्हणजे ६ मिमीचा, उंबरा चढवण्यासाठी ५० मिमी व्यासाच्या चाकाला सुमारे ३४ किलोचा आडवा जोर लागतो; तेच चाक १०० मिमीचे असेल तर सुमारे २२ किलो पुरतात. लहान चाक अडते तेव्हा माणूस जोर वाढवतो, आणि नेमक्या त्याच क्षणी रॅक पुढे झुकतो. म्हणून उंबरा ओलांडणाऱ्या रॅकला १०० मिमीची चाके घ्यावीत. त्यामुळे रॅक सुमारे पाच इंच उचलला जातो. तेवढी उंची खालच्या पट्टीने झाकावी आणि पट्टी जमिनीपासून दोन बोटे वर ठेवावी, म्हणजे झाडू फिरतो आणि पट्टी उंबऱ्याला घासत नाही.

भार काढताना एकूण वजनाला चारने भागू नये. जमीन कधीच पूर्ण सपाट नसते, त्यामुळे एक चाक बहुधा अधांतरी असते आणि सगळा भार तिघांवर येतो. रॅकचे स्वतःचे वजन ५० किलो आणि मालाचे ९० किलो धरले, तर १४० भागिले ३, म्हणजे सुमारे ४७ किलो झाले. हादऱ्यांसाठी त्यावर निम्मे अधिक धरून प्रत्येक चाक किमान ७० किलो क्षमतेचे घ्यावे. वह्या आणि पुस्तके दिसतात त्याहून जड असतात, हे वजन करताना विसरू नये.

लादीसाठी पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे, चाक उत्तम. नायलॉन टणक असल्यामुळे खडखडते आणि लादीचा कोपरा उडवते, तर काळे रबर फिकट लादीवर डाग ठेवते. नागदेवी स्ट्रीटवर चाके घ्यायला गेल्यावर चाक हातात धरून दोन्ही बाजूंनी फिरवून पाहावे: चाकाच्या आसात बेअरिंग असावे आणि वरच्या फिरत्या मानेतही गोळ्यांचे दोन थर असावेत. मान हातात डगडगत असेल तर ते चाक तिथेच ठेवावे. अरुंद गाळ्यात चारही चाके फिरती असलेली बरी, कारण रॅक आडवाही सरकवता येतो. ब्रेक किमान दोन चाकांना हवा, आणि तो वाटेच्या बाजूला, पायाने दाबता येईल असा असावा. जो रॅक वर्षातून चार-सहा वेळाच हलतो त्याला चाकांबरोबर स्क्रूचे पायही लावून घ्यावेत. जागेवर आल्यावर पाय खाली फिरवले की चाकांवरचा भार उतरतो आणि उताराची काळजी राहत नाही.

पायरी ३: आकार उतरंडीसारखा ठेवावा

जुन्या घरांत धान्याची मडकी एकावर एक रचत, त्या उतरंडीत सर्वांत मोठे मडके तळाला असे. चाकांवरच्या रॅकला हाच नियम लावावा. दादरच्या त्या रॅकचा हिशेब मी नंतर मांडला, तो येथे देतो. खोली ४५० मिमी असली तरी चाकांमधले अंतर ३५० मिमीच होते, आणि फिरती चाके दोन्ही बाजूंनी आत वळली की ते सुमारे ३०० मिमी उरत होते. खालचे खण रिकामे असताना एकूण वजन ६० किलो धरले, तर १२०० मिमी उंचीवर धरून ओढल्यास तो रॅक उलटण्यास अवघा साडेसात किलोचा जोर पुरेसा होता. लहान मूल फळीला लोंबकळले तरी याहून जास्त जोर लागतो.

तोच रॅक आता ६०० मिमी खोलीच्या पायावर घ्यावा, चाके कडेपर्यंत नेऊन त्यांच्यातले अंतर ५२० मिमी करावे, आणि १०० मिमीची चाके आत वळल्यावर उरणारे ४५० मिमी धरावेत: उलटण्याचा जोर ११ किलोंवर जातो. तळाच्या खणात ५५० बाय ८०० मिमीचा, २० मिमी जाडीचा कडप्पा बसवला, की सुमारे २४ किलोंची भर पडते आणि हा आकडा १६ किलोंजवळ येतो. स्वयंपाकघराचे ओटे करणाऱ्यांकडे असे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. त्यानंतर हात लावण्याची जागा ९०० मिमी उंचीवर आणली, तर त्याच रॅकला उलटण्यासाठी २१ किलो लागतात.

या शेवटच्या बदलाला खर्च जवळपास काहीच नाही, तरी त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. जिथे धरायला मूठ असते तिथेच माणूस धरतो. म्हणून मुठी रॅकच्या दोन्ही अरुंद टोकांना, ९०० मिमी उंचीवर लावाव्यात. मग लोटणारा आपोआप रॅकच्या लांबीच्या दिशेने लोटतो आणि त्या दिशेला रॅक सहसा उलटत नाही. लांब बाजूला एकही मूठ ठेवू नये, आणि वरच्या फळीची कड बोटे अडकतील अशी ठेवू नये.

वरच्या फळ्या खालच्यांपेक्षा कमी खोलीच्या कराव्यात. असे केल्याने मालही चांगला दिसतो, कारण खालच्या खणातली वस्तू वरच्या फळीच्या सावलीत जात नाही. एकूण उंची १३५० मिमीच्या आत ठेवल्यास गल्ल्यावर बसलेल्या माणसाला संपूर्ण दुकान दिसत राहते.

पायरी ४: सांगाडा आणि फळ्या

हलणाऱ्या फर्निचरचे सांधे वजनाने कमी आणि हेलकाव्याने जास्त सैल होतात. चौकट लोटली की तिचा काटकोन मोडू पाहतो, आणि तो राखण्याचे काम पाठीची फळी करते. पाठीला ९ मिमी प्लाय घ्यावा आणि तो चारही कडांना व मधल्या प्रत्येक फळीला सरस आणि स्क्रूने बसवावा. नुसता खिळ्यांनी ठोकलेला ४ मिमीचा पातळ प्लाय काही महिन्यांतच खुळखुळू लागतो. पाठ बसवण्यापूर्वी दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते सारखे नसतील, तर गुनिया (सुताराचा काटकोन) काहीही सांगत असला तरी चौकट वाकडी आहे.

चाकाची प्लेट १८ मिमी प्लायला लाकडी स्क्रूने लावू नये. तळ दोन प्लाय चिकटवून ३६ मिमीचा करावा किंवा खाली २५ मिमी चौकोनी लोखंडी नळीची चौकट घ्यावी, आणि प्रत्येक प्लेटला वॉशरसह आरपार बोल्ट टाकावेत. लोखंड घेतले तर वेल्डिंगच्या जागा घासून त्यावर आधी प्रायमर आणि मगच रंग द्यावा. समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेत उघडी वेल्डिंग फार लवकर गंजते.

फळीची लांबी हा दुसरा नाजूक मुद्दा. त्याच दाटीने माल मांडला असताना फळीचा आधारांमधला पल्ला ९०० मिमीवरून ६०० मिमीवर आणला, तर तिचा झोल पाचव्या हिश्शावर येतो. म्हणून १२०० मिमीच्या रॅकमध्ये मधोमध एक उभी फळी घालावीच, आणि प्रत्येक आडव्या फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंच सागाची उभी लिपिंग, म्हणजे कडपट्टी, लावावी. ही लिपिंग फळीच्या वर चार सूत राहू द्यावी, म्हणजे रॅक हलताना डबे आणि बाटल्या घसरून पडत नाहीत. काच शक्यतो टाळावी. ती हवीच असेल तर टफन्ड घ्यावी आणि तिच्या कडा उघड्या ठेवू नयेत.

पायरी ५: पावसाळ्याचा विचार करून साहित्य घ्यावे

प्लाय घेताना त्यावरचा आयएसआय शिक्का आणि मानकाचा क्रमांक वाचावा. आयएस ३०३ हा घरातल्या सर्वसाधारण वापराचा प्लाय, आणि आयएस ७१० हा पाण्याला दीर्घकाळ टिकणारा मरीन प्लाय. पूर्ण रॅक ७१० चा करण्याची गरज नाही; तळ, चाकांवरची जोड-प्लाय आणि बाजूच्या फळ्यांना तो वापरावा, वरच्या फळ्यांना ३०३ चालतो. आठ बाय चार फुटांच्या १८ मिमी शीटचे वजन सुमारे ३५ किलो असते, त्यामुळे किती शीट लागतील यावरूनच रॅकच्या वजनाचा अंदाज बांधता येतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा व तंतू दाबून केलेले बोर्ड) तळाला कधीही वापरू नये. पाणी लागताच ते फुगतात आणि त्यांच्या कडेला स्क्रू धरत नाही. कापलेल्या प्रत्येक कडेवर, न दिसणाऱ्या कडेवरसुद्धा, सीलर द्यावा. सनमायका फक्त दर्शनी बाजूला लावून आतली बाजू कोरी सोडल्यास फळीला बाक येतो.

हिंदमातासारख्या सखल भागातल्या दुकानांसाठी रॅकचा वरचा भाग सुटा करावा. चार बोल्ट काढले की तो माळ्यावर उचलता यावा. पाणी भरू लागल्यावर अख्खा रॅक बाहेर काढणे शक्य होत नाही, आणि बाहेर तरी नेणार कुठे?

दिव्यांसाठी जमिनीवरून तारा नेऊ नयेत. चार्जिंगच्या बॅटरीवर चालणाऱ्या एलईडी पट्ट्या पुरेशा असतात.

पायरी ६: ताब्यात घेण्यापूर्वी तपासावे

तपासणी कारखान्यातच करावी. बहुतेक ठिकाणी २० लिटर पाण्याचे जार असतात आणि भरलेला एक जार साधारण २० किलोंचा होतो. १४० किलोंच्या हिशेबातल्या ९० किलो मालाऐवजी सात जार ठेवले म्हणजे दीडपट भार होतो. ते ठेवून रॅक रात्रभर उभा ठेवावा आणि सकाळी फळीखाली दोरी ताणून झोल पाहावा.

नंतर खालचे खण रिकामे करून फक्त वरच्या फळीवर माल ठेवावा, ब्रेक लावावेत, आणि एका लांब बाजूच्या दोन्ही चाकांखाली ९० मिमी उंचीचे ठोकळे सरकवावेत. ५२० मिमी अंतराच्या पायाला यामुळे सुमारे १० अंशांचा कल मिळतो. दोन माणसांनी दोन्ही टोकांना हात आडवे धरून उभे राहावे, पण रॅकला टेकू देऊ नये. रॅक स्वतःच्या बळावर उभा राहिला पाहिजे. शेवटी जमिनीवर दोन सुतांची पट्टी टाकून भरलेला रॅक तिच्यावरून वीस वेळा न्यावा आणि प्रत्येक बोल्टला पाना लावून पाहावा.

रॅक दुकानात आल्यावर पहिल्या महिन्याच्या शेवटी आणि त्यानंतर दर मे महिन्यात तो रिकामा करून आडवा पाडावा. कापडाच्या दुकानात चाकांच्या आसाभोवती दोरे, आणि इतरत्र केस व प्लास्टिकची सुतळी, इतकी घट्ट गुंडाळली जाते की चाक फिरण्याऐवजी घासत जाते. ती ब्लेडने कापून काढावी, आसात तेलाचे दोन थेंब सोडावेत, आणि बोल्ट पुन्हा आवळून रॅक पावसाच्या आधी उभा करावा.