वापरलेले गिटार पेडल: आधी वीजपुरवठा, मग दुरुस्ती

वापरलेले गिटार पेडल (गिटारचा आवाज बदलणारा, पायाने चालू-बंद करायचा छोटा डबा) हाती आले, की त्याचा आवाज कधी एकदा ऐकतो असे होऊन जाते आणि समोर दिसेल तो अडॅप्टर त्याला लावला जातो. या घाईत चांगले पेडलही जळू शकते. म्हणून येथे दिलेला क्रम विजेपासून सुरू होतो आणि मग आवाजाकडे वळतो. ‘बंद पडलेले’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेडलमध्ये दोष पुष्कळदा वीजपुरवठ्याच्या वाटेवरच असतो, आणि तो साध्या मल्टिमीटरने सापडतो.

योग्य अडॅप्टर

अडॅप्टर निवडताना व्होल्टेज, एसी (दिशा बदलणारी वीज) की डीसी (एकाच दिशेची वीज), पिनेची ध्रुवता (तिचा मधला भाग धन की ऋण) आणि विद्युतप्रवाहाची क्षमता अशा चार गोष्टी जुळवाव्या लागतात. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागते. त्यांच्या अडॅप्टरची पिन बाहेरून ५.५ मिलिमीटर जाडीची असते, आतले छिद्र २.१ मिलिमीटरचे असते आणि मधला भाग ऋण असतो. घरातल्या इतर उपकरणांच्या अडॅप्टरमध्ये मधला भाग बहुधा धन असतो, त्यामुळे पिन बसली म्हणून अडॅप्टर चालेल असे मानणे धोक्याचे आहे. पेडलच्या मागे किंवा जॅकजवळ वर्तुळ, ठिपका आणि अधिक-उणे चिन्हांची छोटी आकृती असते. ती आधी पाहावी.

अडॅप्टरवरच्या छापील आकड्यांवर विसंबून न राहता तो मोजून घ्यावा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल टोक पिनेच्या छिद्रात घालावे आणि काळे टोक बाहेरच्या धातूला लावावे. आकड्यापुढे उणे चिन्ह दिसले, तर मधला भाग ऋण आहे. जुन्या पद्धतीचा अनियंत्रित (व्होल्टेज स्थिर न ठेवणारा) अडॅप्टर काही जोडलेले नसताना ९ ऐवजी १२-१३ व्होल्टही दाखवतो. आधुनिक पेडलसाठी तो टाळलेलाच बरा. विद्युतप्रवाहाचा, म्हणजे मिलिअँपिअरचा, आकडा मात्र गरजेपेक्षा मोठा असला तरी चालतो, कारण पेडल त्याला हवा तेवढाच प्रवाह घेते. साधे अ‍ॅनालॉग डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारे पेडल) बहुधा २० मिलिअँपिअरच्या आत भागते, तर डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारे) किंवा रिव्हर्ब (घुमारा देणारे) पेडलला १०० ते ३०० मिलिअँपिअर लागू शकतात.

काही अपवाद ठाऊक असायलाच हवेत. लाइन सिक्स कंपनीच्या मूळ डीएल-४ सारखे पेडल ९ व्होल्ट एसी अडॅप्टरसाठी बनवलेले असते. पीएनपी जर्मेनियम ट्रान्झिस्टर (उलट ध्रुवतेवर चालणारा जुना प्रकार) वापरणाऱ्या अनेक जुन्या फझ (आवाज खूप फाटका करणाऱ्या) पेडल्समध्ये बॅटरीचे धन टोक ग्राउंडला (सर्किटच्या सामाईक शून्य टोकाला) जोडलेले असते. असे पेडल इतर पेडल्सबरोबर एकाच अडॅप्टरच्या साखळी वायरवर (एकापुढे एक अनेक पिना असलेल्या वायरवर) लावले, तर पुरवठा शॉर्ट होतो, म्हणजे धन आणि ऋण थेट जोडले जातात. त्याला बॅटरी किंवा स्वतंत्र पुरवठाच द्यावा. बॉस कंपनीच्या जुन्या पेडलवर ‘एसीए’ अडॅप्टरचा उल्लेख असेल, तर ते १२ व्होल्टच्या अनियंत्रित अडॅप्टरसाठी बनवलेले असते. ९ व्होल्टच्या नियंत्रित अडॅप्टरवर त्याचा दिवा मंद जळतो. हा बिघाड नव्हे, आणि केवळ तेवढ्यावरून ते उघडण्याची गरज नाही.

व्हॅक्यूम ट्यूब असलेले किंवा थेट घरगुती वीज घेणारे पेडल नवख्याने उघडू नये. त्यात धोकादायक व्होल्टेज असते, आणि वीज बंद केल्यावरही ते काही काळ टिकू शकते.

पहिली चाचणी बॅटरीवर

अ‍ॅनालॉग पेडलची पहिली चाचणी नव्या ९ व्होल्ट बॅटरीवर करावी, म्हणजे अडॅप्टरची घरघर आणि ध्रुवतेचा घोळ दोन्ही टळतात. बॅटरी बसवूनही दिवा लागला नाही, तर लगेच निराश होऊ नये. बॅटरीची ऋण वायर इनपुट जॅकमधून जाते आणि त्यात गिटारची मोनो केबल घातल्यावरच मंडल पूर्ण होते, त्यामुळे केबल न लावता केलेली चाचणी व्यर्थ असते. याच रचनेमुळे केबल लावून ठेवलेले पेडल वाजवत नसतानाही बॅटरी संपवते.

बॅटरीच्या कप्प्यात पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी भुकटी असेल, तर अल्कलाइन बॅटरी गळलेली आहे. हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने ती पुसावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावी. क्लिपचे धातू खाल्ले गेले असतील, तर क्लिपच बदलणे शहाणपणाचे.

पेडल उघडल्यावर

वीज काढून मागची पट्टी उघडावी आणि वायरींचे फोटो आधी काढून ठेवावेत. आता पॉवर जॅकच्या दोन टोकांमधला रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य आला, तर संशय उलट ध्रुवतेपासून रक्षण करणाऱ्या डायोडवर (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागावर) घ्यावा. अनेक पेडल्समध्ये तो धन आणि ग्राउंड यांच्यामध्ये उलटा जोडलेला असतो. कोणी चुकीचा अडॅप्टर लावला, की सगळा प्रवाह त्यातून वाहतो आणि पुढचे सर्किट वाचवताना तो स्वतः शॉर्ट होऊन बसतो. त्याचा एक पाय सोल्डरमधून सोडवून मीटरच्या डायोड-चाचणीवर तपासावा. चांगला सिलिकॉन डायोड एका दिशेने सुमारे ०.५ ते ०.७ दाखवतो आणि उलट दिशेने काहीच दाखवत नाही. दोन्ही दिशांना शून्य आले, तर तेथे १एन४००१ डायोड बसवावा. त्याची पट्टी असलेली बाजू धन टोकाकडे हवी. डायोड काढून टाकल्यावरही पेडल वाजू लागते, पण ते तसेच वापरणे म्हणजे पुढच्या चुकीला आयसी (अनेक भाग एकत्र असलेली चिप) बळी देणे होय.

डायोड ठीक असेल, तर जॅकचे सोल्डर भिंगाखाली पाहावे. केबल ओढली गेल्याने पायाभोवती केसाएवढी गोल भेग पडते. तेथे थोडे नवे सोल्डर देऊन सांधा पुन्हा वितळवला, की संपर्क परत येतो.

वीज पोचते पण आवाज नाही

ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाटका करणाऱ्या) पेडल्समध्ये ४५५८ सारखी आठ पायांची आयसी सर्रास आढळते. वीज चालू करून काळे टोक ग्राउंडला धरावे. पाय क्रमांक ८ वर सुमारे ९ व्होल्ट, ४ वर शून्य आणि १ व ७ या आउटपुट पायांवर सुमारे ४.५ व्होल्ट यायला हवेत. आउटपुट पाय ० किंवा ९ च्या आसपास अडकला असेल, तर आयसी किंवा तिला अर्धे व्होल्टेज देणारे रोधक तपासावेत. मीटरचे टोक घसरून शेजारचे दोन पाय जोडले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

व्होल्टेज बरोबर असूनही आवाज हरवत असेल, तर ध्वनी-शोधक (आवाज कुठवर पोचतो ते ऐकवणारे घरगुती साधन) बनवावा. माझ्या मते या कामात त्याच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही. गिटार केबलच्या टोकाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, केबलचे ग्राउंड पेडलच्या ग्राउंडला लावावे आणि दुसरे टोक कमी आवाजावर ठेवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला द्यावे. पेडलच्या इनपुटला संगीत देऊन कपॅसिटरच्या मोकळ्या पायाने इनपुटपासून आउटपुटपर्यंत एकेक बिंदूला स्पर्श करत जावे. ज्या दोन बिंदूंमध्ये आवाज नाहीसा होतो, तेथेच दोष असतो.

नॉब फिरवताना खरखर होत असेल, तर पॉटमध्ये (नॉबखालच्या बदलत्या रोधकात) कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो वीस-पंचवीस वेळा फिरवावा. तरीही खरखर राहिली, तर पॉट झिजला आहे किंवा जवळचा कपॅसिटर डीसी गळू देत आहे. पॉटच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजल्यास दोन्हींतला फरक कळतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलताना त्याची ध्रुवता आणि किमान १६ व्होल्टची क्षमता पाहावी. एका वेळी एकच भाग बदलून चाचणी घ्यावी. शेवटी पट्टी लावण्यापूर्वी तिच्या आतल्या बाजूचा प्लास्टिकचा इन्सुलेशन-कागद जागेवर आहे का ते पाहावे. तो नसेल, तर सोल्डरची टोके धातूला टेकून पेडल उघडे असताना वाजते आणि बंद केल्यावर गप्प होते.