पाऊस लागायच्या आधी घरच्या घरी गोधडी शिवायची तर

आमच्याकडे कोकणात गोधडीची कामं मार्च ते मे याच दिवसांत उरकून घेतात, कारण एकदा मृग लागला की धुतलेलं साधं लुगडंही दोन दोन दिवस दमट राहतं, मग चार थरांचं जाड कापड कधी वाळणार. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ज्यांनी तो पाऊस घरात बसून काढलाय त्यांना कपाट उघडल्यावर येणारा कुबट वास सांगायला नको. म्हणून इथल्या गोधडीचा पहिला नियम, ती पातळ पाहिजे, पूर्ण सुती पाहिजे आणि एका उन्हात वाळली पाहिजे. हल्ली व्हिडिओ बघून बरेच जण आत फोमची नाहीतर पॉलिस्टरची शीट घालतात, बाकी कुठे थंडीत ठीक असेल, आपल्या हवेत ती अंगावर घेतली की अर्ध्या रात्री घाम फुटतो. कापूस भरलेली रजई पण नको, एकदा भिजली की कापसाचे गोळे होतात आणि आतून वाळतच नाही. आपल्याला फक्त कापडावर कापड पाहिजे, मध्ये काही भरायचं नाही.

कापडाचं आधी बोलू, कारण निम्मी गोधडी इथेच बनते नाहीतर बिघडते. जुन्या सुती साड्या, लुगडी, धोतरं, पंचे, मऊ झालेल्या चादरी हे सगळं चालतं. टेरिकॉट, नायलॉन, जॉर्जेट बाजूला ठेवा, कितीही सुंदर असलं तरी. सुती आहे की नाही कळत नसेल तर कडेचे चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरून मोकळ्या जागी काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि राख बोटात चुरते. ज्यात प्लास्टिकचा धागा आहे तो वितळून आक्रसतो आणि टोकाला कडक मणी होतो.

मग साडी उजेडासमोर धरून बघा. साडी बसायच्या जागी आणि खाली पायाशी आधी विरते, पदराकडचा भाग बराच चांगला राहतो. दोन अंगठ्यांनी ताणून बघायचं, चर्रकन फाटलं तर तो भाग काढूनच टाका, त्याच्यावर मेहनत घालण्यात अर्थ नाही, दोन धुण्यांत टाके कापड सोडतात. नुसतं विरळ झालं असेल तर आतल्या थराला मस्त. काजूच्या बोंडाचे, रातांब्याचे डाग पडलेल्या साड्या प्रत्येक घरात असतात, ते डाग काही केल्या जात नाहीत, त्या सुद्धा आतल्या थराला घ्या. फॉल लावलेला असेल तर उसवून काढा, त्याचं कापड वेगळं असतं आणि धुतल्यावर तो वेगळा आटतो, मग कडेला चुण्या पडतात. पेजेची खळ घातलेली साडी असेल तर दोनदा गरम पाण्यातून काढून खळ पूर्ण घालवा, खळीला कसर लागते आणि ती गोधडीच्या आत शिरली की बघायलाच नको. नवीन कापड जुन्याबरोबर वापरणार असाल तर ते आधी धुऊन आटवून घ्या आणि रंग जातो का बघा, पांढरा रुमाल ओला करून जोरात घासला की लगेच कळतं.

आणि हो, साडी ज्यांची त्यांना विचारल्याशिवाय कात्री लावू नका. आजीला किंवा सासूबाईंना समोर बसवून सगळा गठ्ठा उघडा, कुठली कापायची, कुठली नाही ते त्यांनाच ठरवू दे.

आता हिशोब. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे होतात, म्हणजे लुगडं सगळीकडे धड असेल तर एका लुगड्यात एका माणसाची चार थरांची गोधडी निघते. साडी साडेपाच मीटरची, तिच्यात दोन मोठे तुकडे आणि वर दीड मीटर उरतं, ते बाळाच्या दुपट्याला ठेवा. किनाऱ्यालगत, मालवण, वेंगुर्ला, गुहागर अशा ठिकाणी चार थर भरपूर झाले. सह्याद्रीच्या पायथ्याला, आंबोली-आंबा घाटाच्या बाजूला राहणाऱ्यांनी सहा घ्यावेत. सहाच्या वर मला तरी पटत नाही, सुई जाता जात नाही आणि धुवायला दोन माणसं लागतात.

चारातला सगळ्यात चांगल्या काठाचा तुकडा खालच्या थराला घ्यायचा, हे उलटं वाटेल पण कारण सांगते. हा तुकडा पूर्ण मापाचा ठेवायचा, म्हणजे २ मीटर लांब आणि साडीची पूर्ण रुंदी, साधारण १२० सेंटीमीटर. बाकीचे तीन थर चारी बाजूंनी दोन-दोन इंच लहान कापायचे. मग खालच्या थराच्या कडा वर दुमडल्या की साडीचा काठ आपोआप गोधडीच्या वरच्या बाजूला येतो आणि तयार किनार मिळते, वेगळी पट्टी लावायला नको. लांबीच्या बाजूंना काठाची कड मुळातच न सुटणारी असते म्हणून तिथे एकच दुमड पुरते, आखूड बाजूंना मात्र कापलेली कड आहे, तिथे आधी अर्धा इंच आणि मग परत असं दोनदा दुमडा.

वरच्या थराला पूर्ण साडी न घेता तुकडे जोडायचे असतील, बाबांचा जुना सदरा, मुलांचे शाळेचे शर्ट, परकराचे उरलेले भाग, तर सगळे एकाच जाडीचे घ्या आणि एका मापाचे चौकोन कापा, सहा इंची सोपे पडतात. पुठ्ठ्याचा साचा करून घ्या. शिवणीला पाव इंच धरायचं, आधी चौकोन जोडून पट्ट्या करायच्या, मग पट्ट्या एकमेकींना जोडायच्या आणि प्रत्येक शिवण इस्त्रीने एका बाजूला पाडायची. चौकोन कुठे कुठला हे मुलांना जमिनीवर मांडू द्या, त्यांना तासभर पुरतं आणि रंग मोठ्यांपेक्षा चांगले जुळवतात.

अंथरणं हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि लोक नेमके इथेच घाई करतात. पडवीत किंवा हॉलमध्ये लादी स्वच्छ पुसून कोरडी करा, पंखा बंद. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की कापड हलतं म्हणून सकाळी लवकर बसलेलं बरं. खालचा तुकडा सुलटी बाजू जमिनीकडे करून पसरा, चारी कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, डबे काय असेल ते वजन ठेवा. कापड ताठ राहील एवढंच ओढायचं, जास्त ताणलं तर सोडल्यावर ते आक्रसतं आणि वरचे थर फुगतात. मग एकेक थर मधोमध ठेवायचा आणि तळहाताने मधून बाहेर, मधून बाहेर असा सारखा करत जायचं. हात फिरवताना डोळे मिटून बघा, डोळ्यांना न दिसलेली चुणी हाताला बरोबर लागते. सगळे थर बसले की कडा दुमडा आणि कच्चे टाके घाला, लांब लांब, तीन-तीन इंचाचे, वितभर अंतराने उभ्या आडव्या ओळी, सुरुवात मधून. हे टाके नंतर उसवायचेच आहेत म्हणून वेगळ्या रंगाचा दोरा घ्या. टाचण्या वापरल्या तर त्याच दिवशी काढा, आपल्या खाऱ्या हवेत त्या बघता बघता गंजतात आणि तो तपकिरी डाग कायमचा राहतो.

आता खरे टाके. साधा धावदोरा, बाकी कसलीही कला लागत नाही. लांब आणि थोडी जाड सुई घ्या, दाभण नको, त्याने जुन्या कापडाला भोकं पडतात. दोरा सुती, दुहेरी, दुहेरी झाल्यावर हातभर राहील एवढाच, लांब घेतला की गुंता होतो आणि दर वेळी हात आभाळाला लावावा लागतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर सरळ सरकतो. गाठ मारून सुई वरच्या थरातून आत घाला आणि दोऱ्याला हलका झटका द्या, टक् करून गाठ आत जाते आणि थरांच्या मध्येच राहते. मग डावा हात गोधडीच्या खाली, उजव्या हाताने सुई, सुईवर चार-पाच टाके भरले की एकदम ओढायची. डाव्या हाताच्या बोटाला सुईचं टोक जेमतेम लागलं पाहिजे, तेव्हाच टाका चारही थरांतून गेला असं समजा. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी भाकरी थापता येणार नाही. टाका तांदळाच्या दाण्याएवढा आला तर उत्तम, सुरुवातीला मोठा येतो, येऊ दे, सगळीकडे सारखा असला म्हणजे झालं.

ओळीतलं अंतर एक इंच धरा. या मापाच्या गोधडीत साधारण ८०-८५ मीटर टाके होतात, दोरा दुहेरी म्हणजे २०० मीटरच्या वर लागतो, तेव्हा एकाच रंगाची रिळं आधीच जास्तीची आणून ठेवा, नंतर तोच रंग मिळेल याची खात्री नसते. ओळी सरळ घालायच्या की कडेपासून चौकटी चौकटी करत आत यायचं हा आपापला विचार. खाली कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका कवंदी म्हणजे त्यांच्याकडची गोधडी शिवतात, त्या कडेपासून सुरू करून तुकडा लावत लावत, टाके घालत आत मध्यापर्यंत जातात आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फार देखणं काम असतं ते. पण पहिल्यांदा करणाऱ्याने सरळ ओळीच घालाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे, कारण चौकटीत आत येताना कापड जरा जरी सरकलं तरी सगळा फुगा मध्ये जमा होतो आणि तिथे चुणी घालण्याशिवाय उपाय राहत नाही. दोघी-तिघी बसल्या तर समोरासमोर बसू नका, एकाच बाजूने एका दिशेला शिवत जा, दोन दिशांनी कापड ओढलं गेलं की गोधडी तिरकी होते.

मशिनवर करायची असेल तर तेही चालतं, हाताच्या गोधडीचा मऊपणा येत नाही पण टिकते. १६ नंबरची सुई लावा, टाका मशिनमध्ये सगळ्यात मोठा करा, दाबपट्टीचा दाब कमी करा, गोधडी दोन्ही बाजूंनी गुंडाळून कपड्यांचे चिमटे लावा आणि मधल्या ओळीपासून सुरू करा. जिथे शिवणीवर शिवण येते तिथे पाय थांबवून चाक हाताने फिरवायचं, नाहीतर सुई मोडते. सहा थर घरच्या मशिनवर शिवू नका, मोटर तापते.

बाळाच्या दुपट्याची गोष्ट थोडी वेगळी. ९० सेंटीमीटरचा चौकोन, तीन थर पुरे, जितकं जुनं धोतर तितकं चांगलं, बाळाच्या कातडीला त्याच्यासारखं मऊ दुसरं काही नाही. इथे सुलट्या बाजू एकमेकींवर ठेवून तिसरा थर वर घालायचा, चारी बाजूंनी शिवायचं, हात जाईल एवढी जागा सोडायची, कोपऱ्यांची टोकं छाटायची आणि त्या फटीतून उलटवून घ्यायचं, म्हणजे कापलेली कड आणि गाठी सगळ्या आत. वरून चार-चार बोटांवर ओळी घाला. लेस, मणी, बटणं काहीही लावू नका, आणि सुटा लोंबता दोरा एकही ठेवू नका, बाळाच्या बोटाला तो गुंडाळला जातो. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर दुपटं घ्यायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांनाच सांगून ठेवा.

उरलेल्या तुकड्यांची बाजाराची पिशवी करा, २०१८ पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे तरी ओल्या मासळीला आपण तीच शोधत बसतो. १४ बाय १६ इंच, आत धोतराचं अस्तर, आणि बंद जोडताना चौकोन शिवून त्यात फुली मारायची, दोन किलो बांगडे घेतले तरी बंद सुटत नाही. भांडी उतरवायची फडकी करायची तर मात्र शंभर टक्के सुतीच, नायलॉन गरम टोपाला चिकटतं आणि हात भाजतो.

सुया टाल्कम पावडरच्या छोट्या डबीत ठेवा, गंज धरत नाहीत. मशिनला पावसाआधी तेल घाला, बॉबिनच्या खालची धूळ ब्रशने काढा आणि दाबपट्टीखाली एक जाड चिंधी ठेवून द्या म्हणजे जादा तेल ती शोषून घेते.

गोधडी धुवायची ती कडक ऊन असतानाच, पाणी पिळायला जाऊ नका, दाबून काढा, पिळल्यावर टाके तुटतात. दोरीवर घातली तर वजनाने लोंबते, त्यापेक्षा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, नाहीतर कातळावर जुनी चादर टाकून तिच्यावर पसरा, खाली लाल मातीही लागत नाही आणि तापलेला दगड खालून वाळवतो. पावसात ठेवताना पूर्ण कोरडी आणि उन्हाची ऊब उतरलेली असली पाहिजे, गरम गरम घडी केली तर आत दमटपणा धरतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, सुती अभ्र्यात ठेवा, सोबत वाळलेला कडुलिंबाचा पाला. बाळाच्या कपड्यांजवळ डांबरगोळ्या अजिबात नको, त्यांच्या वासाने काही बाळांच्या रक्तावर वाईट परिणाम होतो. श्रावणात ऊन पडलं की तासभर बाहेर काढायची, आणि वरचा थर फाटला तर उसवत बसू नका, चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त अशी नवीन साडी वर टाका, कडा आत दुमडा आणि जुन्या ओळींच्या मधोमध नव्या ओळी घाला.