परळीचा कोळसा ओपन रेल्समध्ये : या चुका टाळा

मराठवाड्यातली कोळशाची मालगाडी सिम्युलेटरमध्ये बसवायला घेतली की बहुतेक जण देखाव्यापासून सुरुवात करतात. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची धुरांडी, गंगाखेडजवळचा गोदावरीचा पूल, काळी माती, स्टेशनच्या पिवळ्या पाट्या यातच महिना जातो. मग पहिला भरलेला रेक (वाघिणींची अख्खी माळ) लूपमध्ये (गाडी बाजूला घेण्याच्या जोडरुळात) मावत नाही, चढणीवर अडकतो, नाहीतर मधूनच तुटतो. कोळशाच्या मार्गाची आखणी टन आणि मीटर हातात घेऊनच सुरू करावी. पुढची उदाहरणे परभणी ते परळी या सुमारे ६४ किलोमीटरच्या तुकड्यावर आणि ओपन रेल्स या मोफत रेल्वे सिम्युलेटरवर बेतलेली आहेत. दुसरा सिम्युलेटर वापरत असाल तर बटणे बदलतील, आकडे तेच राहतील.

लूप ‘डोळ्यांनी’ मोजणे

बॉक्सएन या कोळशाच्या उघड्या वाघिणीची कपलरसकट (डबे जोडणाऱ्या आकड्यांसकट) लांबी १०.७१३ मीटर. ५९ वाघिणींचा रेक म्हणजे ६३२ मीटर. गार्डचा डबा आणि दोन इंजिने धरली की आकडा ६८० च्या घरात जातो. आपल्याकडची प्रमाण लूप लाईन ६८६ मीटरची, म्हणजे चुकायला जागाच नाही. एडिटरमध्ये लूपची लांबी सांध्यापासून (जिथे रूळ फुटतो तिथून) सांध्यापर्यंत मोजली की ७५० मीटर दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात उपयोगाची लांबी एका टोकाच्या स्टार्टर सिग्नलपासून दुसऱ्या टोकाच्या फाउलिंग मार्कपर्यंतची, म्हणजे जिच्यापुढे उभी गाडी शेजारच्या रुळाला अडवते त्या खुणेपर्यंतची. शेपूट फाउलिंग मार्कच्या बाहेर राहिली की मुख्य मार्ग अडलेलाच राहतो आणि समोरच्या गाडीला हिरवा मिळत नाही. सिग्नल बिघडला समजून लोक तासन् तास स्क्रिप्ट तपासत बसतात. आधी शेपूट बघा.

सांधेही अंदाजाने टाकू नका. लूपला १ इन १२ चा सांधा आणि ३० ची वेगमर्यादा, यार्डात १ इन ८.५ चा सांधा आणि १५ ची मर्यादा असे धरले की गाडीची चाल खरी वाटते.

एका इंजिनावर सगळा भार टाकणे

मूळ बॉक्सएनचे रिकामे वजन २२.४७ टन, भरलेले ८१.२८ टन. ५९ वाघिणींचे मिळून जवळपास ४,८०० टन होतात. १ इन १५० च्या (१५० मीटरला १ मीटर) चढणीवर नुसत्या चढावासाठी ४,८०० भागिले १५०, म्हणजे ३२ टन ओढ लागते. उभी गाडी हलवायला टनामागे साधारण ४ किलो धरले तर आणखी १९ टन. झाले ५१. एकट्या डब्ल्यूडीजी-४ या डिझेल मालगाडी इंजिनाची सुरुवातीची ओढ कागदावर याच्या आसपास आहे. पण त्याचे वजन १२६ टन, आणि ओल्या रुळावर पकड वजनाच्या पाव हिश्शापर्यंत घसरते, म्हणजे तिशीच्या आसपास. मग चाके जागच्या जागी फिरतात आणि लोक रागाने ॲडव्हान्स्ड ॲडहिजनचा (चाकाची रुळावरची पकड खऱ्यासारखी मोजण्याचा) पर्याय बंद करून टाकतात. ते करू नका. डब्ल्यूडीजी-३ए या डिझेल इंजिनांची जोडी लावा, एकाची ३७ टनांच्या वर म्हणजे दोघांची मिळून ७५ च्या आसपास ओढ मिळते. नाहीतर चढणीच्या पायथ्याशी गाडी उभी राहणार नाही असा सिग्नल ठेवा.

डाउनलोड केलेल्या वाघिणींच्या फाईलमध्ये वजन बहुतेक वेळा चुकीचे असते. भरलेली वाघीण दिसते, पण वजन रिकाम्याचेच असते. अशी गाडी पॅसेंजरसारखी पळते. कॉन्सिस्ट (इंजिन-वाघिणींची यादी) बांधण्याआधी प्रत्येक वाघिणीची वॅग फाईल उघडून ‘मास’चा, म्हणजे वजनाचा आकडा बघा. भरलेली आणि रिकामी अशा दोन वेगळ्या फाईली ठेवणे सर्वात सोपे.

ब्रेक अमेरिकन, गाडी भारतीय

सर्वाधिक तक्रारी इथे येतात आणि त्यांचे मूळ जवळजवळ नेहमी एकच असते. उसन्या फाईलींमध्ये ब्रेक पाईपचा दाब ९० पीएसआय असतो. आपल्याकडे ब्रेक पाईप दर चौरस सेंटीमीटरला ५ किलोवर चालतो, म्हणजे ७१ पीएसआय. ब्रेक सिलिंडरचा कमाल दाब ३.८ किलो, म्हणजे ५४ पीएसआय. इंजिनात ७१ आणि वाघिणीत ९० राहिले की ब्रेक कधी नीट लागत नाही, कधी नीट सुटत नाही. दोन्हीकडचे आकडे एकत्र बदला.

ट्रिपल व्हॉल्व्हचे (पाईपचा दाब घटला की सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेचे) गुणोत्तर २.५ ठेवा. पाईपचा दाब ५ वरून ३.५ वर आणला की सिलिंडरमध्ये ३.८ च्या जवळ दाब येतो, फुल सर्व्हिस ब्रेकला हेच हवे.

त्यानंतर वेळ. मालगाडीच्या वाघिणीत ब्रेक पूर्ण लागायला १८ ते ३० सेकंद, सुटायला ४५ ते ६० सेकंद लागतात. म्हणून ५४ पीएसआयच्या हिशेबाने लागण्याचा दर सेकंदाला २ ते ३ पीएसआय आणि सुटण्याचा दर १ च्या आसपास ठेवा. सुटण्याचा दर ५ ठेवलेली गाडी चालवायला छान वाटते, पण मागच्या वाघिणी आणि पुढचे इंजिन यांचा मेळच बसत नाही.

ब्रेकचा प्रकार ‘ट्रिपल व्हॉल्व्ह’ असा राहिला असेल तर दाब थोडा वाढवताच अख्ख्या गाडीचा ब्रेक सुटतो. आपल्या वाघिणींवर ब्रेक टप्प्याटप्प्याने सोडता येतो, त्यासाठी ‘ग्रॅज्युएटेड रिलीज’ किंवा ‘डिस्ट्रिब्युटर’ हा प्रकार लिहा. उतारावर गाडी अचानक मोकाट सुटते या तक्रारीचे हे पहिले कारण.

रिकामा रेक परतताना चाके जाम होत असतील तर भरलेल्या वाघिणीचे ब्रेक-बळ रिकाम्या फाईलमध्ये तसेच कॉपी झालेले असते. हिशेब करून बघा. भरलेल्या वाघिणीला वजनाच्या १० टक्के, म्हणजे ८० किलोन्यूटन बळ दिले, तर तेच बळ २२.४७ टनांच्या वाघिणीला वजनाच्या ३६ टक्के पडते. चाके घसरणारच. खऱ्या वाघिणीवर यासाठी ‘एम्प्टी-लोड’चा दांडा असतो, तो रिकाम्या स्थितीत ब्रेकच्या तरफांचे प्रमाण बदलून बळ कमी करतो; नव्या वाघिणींवरचे स्वयंचलित उपकरण सिलिंडरचा दाबच २.२ किलोवर रोखते. रिकाम्या फाईलमध्ये बळ त्याच प्रमाणात, साधारण ४६ किलोन्यूटन ठेवा.

गाडी तुटते तेव्हा आधी एफ५ दाबा आणि शिफ्टसह एफ५ ने पाने उलटत ‘फोर्स इन्फर्मेशन’वर या. कोणत्या वाघिणीच्या कपलरवर ताण चढतोय ते तिथे ओळीने दिसते. शेपटीकडच्या वाघिणींचा ब्रेक अजून लागलेला असताना पुढून नॉच (इंजिनाच्या ओढीचा टप्पा) वाढवणे, हे बहुतेक वेळा कारण निघते. ‘ब्रेक इन्फर्मेशन’वर शेवटच्या वाघिणीचा पाईप ५ किलोला टेकू द्या, मग पहिला नॉच द्या आणि सगळी साखळी ताणली जाईपर्यंत तिथेच थांबा. चढणीवर उभी गाडी असेल तर इंजिनाची ओढ उभी राहीपर्यंत इंजिनाचा स्वतंत्र ब्रेक सोडू नका. एवढे पाळूनही ठराविक वाघिणीशीच तुटत असेल तर तिच्या फाईलमधली कपलरची ताकद प्रवासी डब्यावरून उचललेली आहे का बघा.

उंचीच्या नकाशावर आंधळा विश्वास

एसआरटीएमची (अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंचीच्या नकाशाची) उंची ३० मीटरच्या चौकटीतली, आणि तिच्यात काही मीटरची चूक असते. रूळ तिला चिकटवले तर सपाट शिवारातही गाडी लाटांवर चढ-उतर करते. ६८० मीटरची गाडी एकाच वेळी दोन-तीन लाटांवर बसली की पुढचा भाग ताणला जातो, मागचा दाबला जातो. गोदावरीवर तर नकाशा पात्रात उतरतो आणि पूल त्याच्यामागे खाली जातो.

उपाय स्टेशनवरच आहे. पिवळ्या पाटीखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. परभणी, पोखर्णी, गंगाखेड, परळी यांच्या पाट्यांचे फोटो शोधा, दोन स्टेशनांमधला फरक अंतराने भागा, सरासरी चढण मिळेल. मधले टप्पे रुळाकडेच्या ग्रेडियंट पोस्टवरून (चढण लिहिलेल्या खांबांवरून) भरा. जमले तिथे एकच चढण किमान रेकभर, म्हणजे ७०० मीटर टिकवा. स्टेशन यार्ड १ इन ४०० पेक्षा तीव्र नको. वळणावर प्रत्येक अंशामागे ०.०४ टक्के चढण वजा करा.

वीज केंद्रात एकच रूळ

बॉक्सएनला खाली दरवाजे उघडून कोळसा ओतण्याची सोय नाही. ती टिपलर या यंत्रावर एकेक करून उलटवावी लागते. ताशी दहा-बारा वाघिणी धरल्या तरी एका टिपलरवर रेक पाच-सहा तास घेतो. म्हणून टिपलरच्या अलीकडे भरल्या रेकची पूर्ण लाईन, पलीकडे रिकाम्या रेकची पूर्ण लाईन आणि इंजिन सुटायला तिसरी लाईन हवीच. जागा नसेल तर रेक दोन तुकड्यांत तोडा आणि दोन्ही बाजूंना किमान ३५० मीटर ठेवा. ट्रॅक हॉपर (रुळाखालचा कोळसा झेलणारा खड्डा) दाखवायचा हट्ट असेल तर खालून दरवाजे उघडणाऱ्या बॉबआर जातीच्या वाघिणी घ्या. बॉक्सएन हॉपरवर रिकामी होताना दाखवणे फार खटकते.

मुख्य मार्गाची जोडणी कोणत्या दिशेला उघडते ते उपग्रह नकाशावर पाहून घ्या, इंजिन दुसऱ्या टोकाला न्यावे लागते का ते त्यावर ठरते.

काळ आणि वेळापत्रक

परळी केंद्राचा आठवा वीजनिर्मिती संच २०१६ चा. त्यानंतरचा पण विजेच्या तारा येण्याआधीचा काळ घेतला तर २५० मेगावॉटचे तीन संच आणि डिझेल इंजिने हे जुळते. युनिटमागे ०.७ किलो कोळसा धरला तर पूर्ण भारावर दिवसाला सुमारे १२,६०० टन, म्हणजे साडेतीन रेक लागतात. दिवसाला दहा रेक सोडणारे वेळापत्रक परळीसाठी पटत नाही. जुना काळ घ्यायचा असेल तर फेब्रुवारी २०१३ टाळा, पाणी नसल्याने तेव्हा केंद्रच बंद पडले होते. वणीकडचा कोळसा आदिलाबाद, किनवट, मुदखेडवरून आणा, सिंगरेणीचा विकाराबाद, उदगीर, लातूर रोडवरून. दोन्ही वाटांचे रेक परळीत वेगवेगळ्या बाजूंनी शिरतात, त्यामुळे आगमन लाईनचा सांधा दोन्हीकडून चालतो का तपासा.

एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर लाल सिग्नलला थिजल्या तर दोघींच्या पाथमध्ये (सिम्युलेटरमधल्या मार्ग-फाईलमध्ये) तोच लूप पासिंग पाथ, म्हणजे एकमेकींना ओलांडायची जागा म्हणून नोंदवला आहे का ते बघा. नोंद असूनही थिजत असतील तर रेकमधून पाच वाघिणी कमी करून पुन्हा चालवा. त्याने सुटले तर लूप अपुरा आहे, सांधा पुढे सरकवा.