खाडीत शिणाणी-कुर्ल्या पाळताय? या चुका टाळा

सिंधुदुर्गात खाडीकाठचे बरेच बचतगट आता शिणाणी (खडकाला चिकटणारे हिरवे शिंपले), कालवं, कुर्ल्या (खेकडे) पाळायला लागलेत, कांदळवनाची उपजीविका योजना 2017 ला आली त्याचाही हातभार लागला, आणि हे खरंच चांगलं चाललंय. फक्त माल किती निघणार एवढंच बघतात सगळे, त्याच खाडीवर अजून कोणाकोणाचं पोट आहे ते राहूनच जातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कोळंबीच्या तळ्यासाठी तिवरं-चिपी, म्हणजे कांदळवनाची झाडं, तोडणं. मुंबई हायकोर्टाने 2005 लाच बंदी घातलीये, 2018 ला परत बजावलंय. पण कायदा राहू दे, तिथे तळंही धड चालत नाही. कांदळवनाच्या चिखलात लोह आणि गंधक मुरलेलं असतं, खणून वर काढलं आणि हवा लागली की त्याचं ॲसिड बनतं, पहिल्या पावसात ते बांधावरनं तळ्यात उतरतं, पाण्यावर गंजासारखा तवंग दिसतो आणि कोळंबी मरायला लागते. मग चुना टाकत बसा. वर त्या मुळांमध्ये बोय, तांबोशी, कोळंबीची पिल्लं वाढतात ती पण गेली, म्हणजे शेजारच्या पागवाल्याचं जाळं रिकामं, आणि उधाणाला काठ ढासळतो तो वेगळाच.

काहीजण म्हणतात आम्ही तोडत नाही, नुसता बांध घालतो. अहो तेही तेवढंच वाईट! तिवराच्या मुळ्या चिखलातून पेन्सिलीसारख्या वर आलेल्या असतात, झाड त्यातनं श्वास घेतं. भरती-ओहोटी अडली, पाणी साचून राहिलं की झाडं उभ्या उभ्या सुकतात. कुर्ल्यांना झाडांमध्येच जाळीचं कुंपण करा, पाणी येऊ-जाऊ दे.

शिणाण्यांचं कवच मोठं झालंय पण आत मांसच नाही? बहुतेक तराफे (ज्यांना दोऱ्यांवर शिणाणी टांगतात) खेटून टाकलेत. शिणाणी पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातात, त्यांना वेगळं खाद्य लागत नाही, पाणीही नितळ होतं, पण गर्दी झाली की प्रवाह मंदावतो, खाणं पुरत नाही आणि खाली विष्ठा-गाळ साठतो. त्या खाली तिसऱ्यांची (चिखलातल्या शिंपल्यांची) जागा असेल तर त्या दबल्या, ओहोटीला तिसऱ्या काढणाऱ्या बायकांनी मग जायचं कुठे? म्हणून तराफा टाकायच्या आधी त्यांना विचारा, जागा त्यांनाच जास्त माहीत असते.

शिणाण्यांचं बी (बारीक पिल्लं) काढताना खडक साफ खरवडू नका, पुढच्या वर्षी बी कुठनं येणार.

कुर्ल्यांना माशांची पिल्लं खायला घालणं तर बंदच करा, उद्याचा मासा आहे तो, त्यापेक्षा मासळी बाजारातली डोकी-आतडी वापरा. आणि लहानमोठ्या कुर्ल्या एकत्र ठेवू नका, एकमेकींना खातात.

सांडपाण्याच्या नाल्याजवळ तराफा नकोच, नाल्यातले जंतूही शिणाण्यांत साठतात आणि ते आपल्याच ताटात येतात. पाऊस सुरू व्हायच्या आत माल काढून घ्या, पावसाळ्यात खाडीचा खारेपणा उतरला की शिणाणी टिकत नाहीत.