तवांगला निघताय? आधी इनर लाइन परमिटचं बघा

गुवाहाटीचं विमान बुक झालं की अर्धी सहल झाली असं वाटतं, पण आसाम ओलांडून अरुणाचलात शिरायला भारतीय माणसालाही इनर लाइन परमिट लागतं. मूळ कायदा ब्रिटिशांचा, 1873 चा. आज तो स्थानिक जमातींच्या जमिनी आणि वस्ती राखण्यासाठी वापरला जातो. नागालँड, मिझोराम आणि मणिपूरलाही परमिट आहे, आसाम-मेघालयाला नाही. एका राज्याचं परमिट दुसऱ्यात चालत नाही, त्यामुळे तवांगबरोबर कोहिमाही करायचं असेल तर अर्ज दोन.

अर्ज ऑनलाइन होतो. निघायच्या आठवडाभर आधी तरी भरा. आधार किंवा मतदार ओळखपत्राचा स्वच्छ स्कॅन आणि पासपोर्ट आकाराचा फोटो तयार ठेवा. गडबड होते ती बहुतेक नावात. लग्नानंतर आडनाव बदललेलं, आधारवर मात्र माहेरचंच, किंवा वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे नाही. जे ओळखपत्र राज्याच्या सीमेवरच्या तपासणी नाक्यावर दाखवणार, त्यावरचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर अर्जात उतरवा. मुलांची नावं विसरू नका आणि त्यांचे जन्मदाखले सोबत घ्या.

तारखा मोजून-मापून टाकू नका. तवांगच्या अलीकडच्या सेला खिंडीच्या वाटेवर दरड कोसळली की त्याआधीच्या दिरांग गावात दिवस-दोन दिवस मुक्काम सहज पडतो. परतीच्या तारखेपुढे दोन-तीन दिवस जास्तीचे मागा. तरी अडकलात, तर मुदत संपायच्या आत जिल्हा उपायुक्तांच्या कार्यालयात जा, नंतर नाही.

ड्रायव्हरला रस्ता आधीच विचारा. नेहमीचा आसाम सीमेवरच्या भालुकपाँगचा, पण पुष्कळजण कलाक्तांग-शेरगाव-रूपामार्गे नेतात. अर्जात प्रवेशाचं नाकं विचारलं असेल तर तेच भरा. परमिटच्या माणशी तीन छापील प्रती ठेवा. डोंगरात रेंज गेली की मोबाइलमधली पीडीएफ उघडेलच असं नाही. एक प्रत बुमलासाठी, म्हणजे तवांगच्या पुढच्या चीन सीमेवरच्या खिंडीसाठी. तिथली परवानगी वेगळी, ती तवांगात काढावी लागते आणि फक्त भारतीय नागरिकांना मिळते.

अमेरिकेतली मावशी सोबत येणार असेल तर तिचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) पुरत नाही. परदेशी नागरिकाला प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं, त्याची सोय टूर ऑपरेटरकडून आधीच करून घ्या.

पर्यटनाच्या परमिटवर कामधंदा चालत नाही. ठेकेदारीला किंवा नोकरीला जाणाऱ्याचं परमिट वेगळं. मिझोरामात त्याला स्थानिक हमीदार लागतो. होमस्टे काढायचं मनात असेल तर बाहेरच्याला अरुणाचलात जमीन विकत घेता येत नाही हे आधी लक्षात घ्या. स्थानिकाच्या नावावर घेऊन पैसे आपण घालायचे, हा सल्ला कुणीतरी हमखास देईल. तो ऐकू नका: कागद त्याच्या नावावर, म्हणजे जमीनही त्याचीच.