मिवान पद्धतीच्या घरात भिंतीला हात लावण्यापूर्वी

पुणे, ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक नव्या उंच इमारतींत विटांच्या भिंती नसतातच. ॲल्युमिनियमचे हलके साचे पिन आणि पाचरींनी जोडून भिंती आणि स्लॅब यांचे काँक्रीट एकाच वेळी ओतले जाते. असे साचे बनवणाऱ्या कंपनीच्या नावावरून बांधकामाच्या साइटवर या पद्धतीला सर्रास ‘मिवान’ म्हणतात. साचा काढल्यावर भिंत इतकी सपाट निघते की जाड गिलाव्याची गरज उरत नाही आणि मजले भराभर चढतात. हे सारे माहितीपत्रकात असते. घर घेणाऱ्याला त्याहून महत्त्वाची गोष्ट मात्र क्वचितच कोणी समजावून सांगतो. खांब-तुळयांच्या सांगाड्यात विटा भरलेल्या नेहमीच्या घरात वजन खांब आणि तुळया पेलतात, भिंत फक्त आडोसा करते. मिवानच्या घरात बहुतेक भिंती स्वतःच वरच्या मजल्यांचे वजन पेलतात आणि वारा व भूकंप यांचा आडवा जोरही सोसतात. म्हणून येथे ‘राहायला गेल्यावर बघू’ ही सवय सोडावी लागते.

पहिले काम नोंदणीच्या वेळचे. घरखरेदीदारांचे हित जपणाऱ्या रेरा कायद्यानुसार मंजूर नकाशे आणि बांधकामाचा तपशील मिळणे हा आपला हक्क आहे. त्याबरोबर कोणत्या भिंती आरसीसीच्या, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या आहेत आणि कोणत्या हलक्या ब्लॉकच्या आहेत हे दाखवणारा नकाशा लेखी मागावा, कारण दोन खोल्या एक करण्याचा विचार असेल तर त्याचे उत्तर याच कागदावर मिळते. विजेच्या नळ्या काँक्रीट ओतण्याआधी सळयांच्या जाळीत बांधल्या जातात. त्यामुळे एसी, इन्व्हर्टर, पाणी शुद्ध करणारे यंत्र यांच्या जागा आपल्या मजल्याचे काम सुरू होण्यापूर्वीच कळवाव्यात. काँक्रीटच्या भिंती वायफायचा सिग्नल बराच अडवतात, म्हणून प्रत्येक खोलीपर्यंत इंटरनेटच्या तारेसाठी एक रिकामी नळी मागून ठेवावी. साइट इंजिनिअरने परवानगी दिली, तर सळया आणि नळ्या उघड्या असताना शेजारी मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीचे छायाचित्र घ्यावे. पुढे भोक पाडताना याच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही.

ताबा घेताना खिडक्या आणि दारांचे कोपरे नीट पाहावेत. काँक्रीट आकसताना ताण तेथे एकवटतो आणि तिरप्या केसभेगा पडतात. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. काही महिन्यांत भेग खुणेपलीकडे गेली किंवा ०.३ मिमीहून रुंद झाली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावी. भिंतीत खडी उघडी पडून पोकळ्या दिसत असतील, तर त्यांवर नुसती पुट्टी फिरवू देऊ नये आणि काँक्रीट न फोडता त्याचा दर्जा तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर व अल्ट्रासोनिक चाचणीची मागणी करावी. बांधकामातील असा दोष ताब्यापासून ५ वर्षांच्या आत लेखी कळवल्यास विकासकाला तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो.

राहायला आल्यावर फळी किंवा तसबीर टांगण्यासाठी छोटे भोक पाडायला हरकत नाही, पण त्यासाठी रोटरी हॅमर ड्रिल वापरावे. स्विचबोर्डाच्या सरळ वरची पट्टी मात्र टाळावी, कारण नळ्या बहुधा स्लॅबमधून तेथूनच खाली उतरतात. ड्रिल सळईवर अडले तर जोर न लावता भोक थोडे बाजूला घ्यावे. वायरिंगसाठी आरसीसी भिंतीत आडवी खाच पाडणे तर पूर्ण टाळावे, मग वायरमन कितीही आग्रह करो. तारा भिंतीवर बाहेरून बसवलेल्या पट्टीतून न्याव्यात. एसीच्या नळीसाठी मोठे भोक हवे असेल, तर इंजिनिअरने दाखवलेल्या जागी कोअर कटरनेच (गोल भोक कापणाऱ्या यंत्राने) करावे, छिन्नी-हातोड्याने नव्हे.

पश्चिमेच्या भिंतीचा त्रास वेगळा आहे. घन काँक्रीटमधून उष्णता हलक्या ब्लॉकपेक्षा कितीतरी सहज वाहते, त्यामुळे दुपारी तापलेली भिंत रात्री खोलीत ऊब सोडत राहते. त्यावर खरा उपाय बाहेरूनच होतो: फिकट रंग आणि ऊन अडवणारा आडोसा. दोन्हींसाठी सोसायटीची संमती घ्यावी लागते.

पहिल्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींची आतली बाजू दर आठवड्याला पाहावी. साचे एकमेकांना धरून ठेवणाऱ्या टाय भिंतीतून आरपार जातात आणि त्यांची भोके नंतर बुजवली जातात. ठरावीक अंतरावर, एका ओळीत ओलीचे गोल ठिपके उमटू लागले, तर पाणी याच भोकांतून येत आहे असे समजावे. अशा वेळी आतून रंग लावून ओल लपवू नये. ठिपक्यांची जागा मोजून लिहून ठेवावी आणि पाऊस उघडल्यावर बाहेरून भोक साफ करून, न आकसणाऱ्या ग्राउटने (भोके भरण्याच्या सिमेंटच्या मिश्रणाने) पूर्ण खोलीपर्यंत भरून त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर द्यायला सांगावे.