माळावरचे शिकारी पक्षी मोजायचे कसे (खान्देशातल्या मित्रांसाठी)

ऑक्टोबर लागला की आपल्या धुळे-साक्रीकडच्या बरड माळांवर भोवत्या (हॅरियर, गवतावरून खालून उडत शिकार करणारा पक्षी) यायला लागतो, पार मध्य आशियातून, आणि होळीच्या पुढेमागे परत निघतो. म्हणजे नीट मोजायला हातात नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढंच. त्यातही गवत कापलं किंवा पेटलं की सगळं चित्र बदलतं, म्हणून दर महिन्याला एक फेरी पाहिजेच.

आधी रस्ता ठरवा. २०-२५ किलोमीटरचा, आतला, कमी रहदारीचा, दोन्ही बाजूंना माळ, पड, गायरान असलेला. हायवे नको, तिथे थांबताच येत नाही. गाडी २०-२५ च्या स्पीडने, चालवणारा फक्त चालवणार, डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची. उजाडल्यावर तासाभराने निघा आणि दहा-साडेदहाला थांबा, कारण ऊन तापलं की गरुड गरम हवेवर इतके वर जातात की नुसता ठिपका दिसतो. धुकं असेल तर घरीच थांबा, तो आकडा काही कामाचा नाही.

पक्षी दिसला की वेळ, गाडीचं रीडिंग, किती, बसलेला की उडता, रस्त्यापासून अंदाजे किती लांब, आणि खाली काय होतं ते लिहा, गवत, कापूस, हरभरा की नांगरलेलं. हे शेवटचं बरेच जण सोडतात आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोलाचं आहे, कुठलं रान टिकवायचं ते त्यावरूनच कळतं. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा, लिहाच.

ओळखीत घोळ होतो तो भोवत्यांच्या माद्या आणि पिल्लांचा. आपल्याकडे पॅलिड आणि मॉन्टॅग्यू अशा दोन जातींचे भोवते दिसतात. नर सोपे, पॅलिडचा नर फिकट राखाडी आणि पंखाच्या टोकाला काळी पाचर, मॉन्टॅग्यूच्या नराला पंखावर वरून आडवी काळी रेघ. पण तपकिरी, कमरेवर पांढरा पट्टा असलेली मादी लांबून दिसली तर भलेभले चुकतात, तेव्हा सरळ "पॅलिड किंवा मॉन्टॅग्यू" लिहा, अंदाजाने नाव टाकून यादी खराब करू नका. कमरेवर पांढरं नसलेला मोठा तपकिरी भोवत्या दिसला, तोही हतनूरसारख्या पाण्याजवळ, तर तो बहुतेक दलदलीचा भोवत्या.

आता खरी मोजणी संध्याकाळची. भोवत्या झाडावर नाही, उंच गवतात जमिनीवर झोपतो, आणि बरेचदा घोळक्याने. जागा शोधायची तर मेंढ्या चारणाऱ्या ठेलारी भाऊंना विचारा, दिवसभर माळावर तेच असतात, "दिवस मावळताना गवतात घारीसारखी पाखरं उतरतात का?" एवढं विचारलं तरी पुरे. सूर्यास्ताच्या तासभर आधी जाऊन बसा, अंधार पडेपर्यंत हलू नका, २०० ते ३०० मीटर लांब राहा, दोघं दोन बाजूंना. ते उतरतात, परत उठतात, चक्कर मारतात, त्यामुळे एकच पक्षी दोनदा मोजला जातो, म्हणून उतरलेले आणि उठलेले वेगळे लिहून शेवटी वजाबाकी करा. पहिल्या वर्षी मी फोटोसाठी पुढे सरकलो, सगळे उठले, आणि दुसऱ्या संध्याकाळी तिथे एकही आला नाही, अजून वाईट वाटतं. टॉर्च तर अजिबात नको. त्यांनी ओकलेल्या, न पचलेल्या अन्नाच्या गोळ्या हव्या असतील तर सकाळी ते गेल्यावर जा, टोळांचे पाय आणि उंदरांचे केस सापडतात, शेतकऱ्याला दाखवायला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

विजेच्या खांबाखाली, किंवा साक्रीकडे पवनचक्कीखाली मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, फोटो आणि खांबाचा नंबर घेऊन वनखात्याला कळवा. कुरणात शिरायच्या आधीही त्यांची परवानगी घ्या.

आणि ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) यादी टाकताना झोपायच्या जागेचं लोकेशन टाकू नका, तालुक्याचं नाव पुरे.